इंजिन घरी उघडल्यावर सुटे भाग धुवायचे कसे

बोअर-पिस्टन टाकून आणलेली गाडी दोन-तीन महिन्यांत पुन्हा धूर सोडायला लागली, की खापर फुटतं नव्या किटवर नाहीतर लेथवाल्यावर. पुष्कळदा दोष त्या दोघांचाही नसतो. होनिंग (पिस्टन ज्या नळीत, म्हणजे बोअरमध्ये, फिरतो तिच्या भिंतीवर दगडाने बारीक रेघा पाडणं) करताना सुटलेली बारीक खर, वॉल्व्हला घासलेली पेस्ट, पॉलिश पेपरचे कण, फडक्याचे धागे असं बरंच काही ‘धुतलेल्या’ इंजिनात राहून गेलेलं असतं. जुनी काजळी त्या इंजिनाने वर्षानुवर्षं सोसलेली असते. धुताना आपण आत घातलेली घाण मात्र पहिल्या काही तासांतच पिस्टनच्या रिंगा खायला सुरुवात करते. म्हणून या लेखात चकाकीपेक्षा क्रमावर जास्त बोललोय.

उदाहरणाला घेतलंय ते जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन. गावोगावी तेच आहे, सुटे भाग कुठेही मिळतात आणि घरी पहिल्यांदा इंजिन उघडणाऱ्याच्या हाताला तेच आधी लागतं. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉकही ॲल्युमिनियमचा पण आत लायनर (बोअरचं अस्तर) बिडाचं. एवढं लक्षात ठेवा, कारण कशाने काय धुवायचं हे त्या त्या धातूवर ठरतं. बुलेट असो की ॲक्टिव्हा, क्रम हाच. फक्त भाग बदलतात.

सामान आणि जागा

जागा मोकळी, वारा खेळता असलेली हवी. गॅलरीत करणार असाल तर आतल्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का, शेजारी समई-उदबत्ती पेटलेली आहे का, हे आधी बघा. गॅरेजमध्ये सर्रास पेट्रोलने भाग धुतात. घरी ते करू नका. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने ती पेटायला तयारच असते. शिवाय ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत सरपटत लांबपर्यंत जाते. रॉकेल आणि डिझेल त्या मानाने निवांत आहेत, तरी विस्तव लांबच ठेवायचा. रेशनचं निळं रॉकेल आता सहज हाती येत नाही, तेव्हा पंपावरचं डिझेल चालेल. ते मागे तेलकट थर जास्त ठेवतं, पण पुढे साबण येणारच आहे.

बाकी सामान असं: दोन जुनी घमेली किंवा ट्रे, एक झाकणाचा डबा, रंगाऱ्याचा एक इंची ब्रश, दात घासायचे जुने ब्रश, बाळाची दुधाची बाटली धुवायचा लांब ब्रश, पितळी तारेचा छोटा ब्रश, २० मिलिची सिरिंज, भांडी धुवायचा लिक्विड साबण, चिमटा, चुंबक आणि नायट्राइलचे हातमोजे. डोळ्यांना चष्मा हवाच. ब्रशमधून उडालेला डिझेलचा थेंब डोळ्यात गेला की काम तिथेच थांबतं. पुसायला जुना सुती पंचा किंवा धोतर घ्या, पांढरं असेल तर उत्तम. गॅरेजवाले वापरतात तो सुताचा गुंता, ज्याला ते ‘वेस्ट’ म्हणतात, तो इंजिनाच्या आतल्या भागांना लावू नका. त्याचा एक धागा तेलाच्या जाळीत जाऊन बसायला पुरेसा होतो.

मुहूर्ताचं म्हणाल तर भर पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलैत, त्यातून कोकणपट्टीत, धुतलेल्या बिडावर पुसेपर्यंत तांबूस झाक येते.

उघडण्याआधी बाहेरून

इंजिन गाडीवर असतानाच बाहेरून धुऊन घ्या. दुधाचे कॅन वाहणारी नाहीतर शेतावर जाणारी गाडी असेल तर ब्लॉकच्या फिन्समध्ये चिखलाचा दगड झालेला असतो. तो आधी सुकाच, लाकडाच्या पट्टीने खरवडून काढा. ओला केलात तर पुन्हा चिखल होऊन आणखी आत जातो. मग डिझेल ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, वर साबण, मग पाणी. कार्ब्युरेटर काढलेला असेल तर इनटेकच्या तोंडात पिशवी घालून रबर बांधा. सायलेन्सर काढलेला असेल तर तिथेही तेच. प्लग मात्र जागेवरच असू द्या, आणि तो काढण्याआधी त्याच्या भोवतालच्या खळग्यात हवा मारा. तिथली वाळू प्लग काढताक्षणी सरळ पिस्टनच्या डोक्यावर पडते.

धुवायची घाई नको, आधी बघा

हा भाग लोक गाळतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घाण ही माहिती आहे. एकदा डिझेलमध्ये बुडवली की ती गेली.

हेड उघडल्यावर पिस्टनच्या माथ्याचा आणि हेडच्या पोटाचा फोटो काढा. कोरडी, बोटाला काळी लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळत होतं. कार्ब्युरेटर किंवा एअर फिल्टर बघावा लागेल. ओला, तेलकट, जाड थर म्हणजे तेल वर येत होतं. तो थर पिस्टनच्या कडेने जास्त असेल तर संशय रिंगांवर. इनटेक वॉल्व्हच्या मागच्या बाजूला डांबरासारखा थर असेल तर वॉल्व्ह सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. झाकणाच्या आत दुधाळ, चहात साय मिसळल्यासारखा लगदा दिसला तर तेलात पाणी मिसळलंय.

मग क्रँककेसच्या तळाचा गाळ पांढऱ्या कागदावर पसरा आणि खालून चुंबक फिरवा. जे सरकतं ते बहुधा पोलाद: गिअरचे दात, बेअरिंग, टायमिंग चेन. जे चमकतं पण सरकत नाही ते बहुधा ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन नाहीतर केसिंग. थोडी करडी पूड सगळ्याच जुन्या इंजिनांत असते, तिची काळजी नको. नखाएवढा तुकडा सापडला तर तो कुठून निघाला हे कळेपर्यंत धुवायला बसू नका.

नट-बोल्टचंही आताच उरकून घ्या. पुठ्ठ्यावर क्लच साइडच्या झाकणाचा ढोबळ आकार काढून जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवायचा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी घुसवला तर केसिंग फुटतं. इनटेक आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, कॉटर (वॉल्व्हची स्प्रिंग जागी धरणारे छोटे तुकडे) वेगवेगळ्या डब्यांत, चिठ्ठी लावून.

कशाने धुवायचं नाही

कॉस्टिक सोडा आणि मोरी तुंबल्यावर टाकतात ती पावडर ॲल्युमिनियमला नुसती काळी करत नाही, खाऊन टाकते. वर हायड्रोजन सुटतो, तोही पेट घेणारा. हेड रात्रभर कॉस्टिकच्या पाण्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला आधी घरातल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर प्रयोग करून दाखवायला सांगा. धुण्याचा सोडा गरम पाण्यात दाट करून वापरला तर तोही कमी-अधिक तेच करतो. निव्वळ पोलादी किंवा बिडाच्या भागाला तो चालतो. संडास धुवायचं ॲसिड कुठल्याच भागाला नको.

लोखंडी तारेचा ब्रश हेडच्या पोटाला, पॅकिंगच्या जागांना, पिस्टनला लावायचा नाही. पॉलिश पेपर आणि खरखरीत हिरवी घासणीही तशीच. त्यांतून गळणारे कण पोलादापेक्षा कठीण असतात, आणि मऊ बेअरिंगच्या धातूत ते रुतून बसले की क्रँकला घासतच राहतात. ड्रिलला लावायच्या घासण्या मारून हेड दोन मिनिटांत लख्ख होतं हे खरं. त्यानंतर ते कण काढायला दोन तास लागतात, आणि ते दोन तास कुणी देत नाही. सँड ब्लास्टिंग करून आणलेलं केसिंग दिसतं देखणं, पण प्रत्येक भोकात वाळू असते. ब्लास्टिंग हवंच असेल तर फक्त बाहेरच्या झाकणांना करा.

पहिली धुलाई

दोन घमेल्यांची पद्धत ठेवा. पहिल्यात मळकं डिझेल, दुसऱ्यात स्वच्छ. भाग पहिल्यात बुडवून ब्रशने घासायचा, निथळू द्यायचा, मगच दुसऱ्यात घालायचा. पहिल्यातलं फार काळं झालं की ते झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा. एक-दोन दिवसांत गाळ तळाला बसतो आणि वरचं पुन्हा पहिल्या धुलाईला चालतं. क्रमही ठरवा. आधी कमी मळके भाग म्हणजे रॉकर, कॅमशाफ्ट, वॉल्व्ह, आणि शेवटी क्रँककेस. उलटं केलंत तर केसिंगमधली वाळू कॅमच्या जर्नलवर, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या गुळगुळीत भागावर, जाऊन बसेल.

बॉल बेअरिंग डिझेलमध्ये हाताने हळू फिरवत धुवायचं, स्वच्छ डिझेलमध्ये खळखळवायचं, निथळून लगेच तेल घालायचं. हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवायची खोड पुष्कळांना असते. आवाज छान येतो, पण कोरड्या गोळ्या त्या वेगात रेस (ज्या खाचेत त्या फिरतात ती) खरवडतात, आणि गोळ्या धरून ठेवणारी जाळी तुटली तर गोळी बंदुकीसारखी उडते. क्रँकच्या बिग एंडला (पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडतो त्या टोकाला) साबण-पाणी दाखवूच नका. सिरिंजने डिझेल आत मारायचं, रॉड फिरवायचा, पुन्हा मारायचं, स्वच्छ डिझेल बाहेर येईपर्यंत. मग लगोलग तेल.

कार्बन

हेड आणि पिस्टन रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवले की वरचा थर सैल होतो. उरलेला लाकडाने काढा. बांबूची कामटी चाकूने छिन्नीसारखी तासली की त्यासारखं हत्यार नाही. ॲल्युमिनियमला ओरखडा पडत नाही आणि टोक बोथट झालं की पुन्हा तासता येतं. फारच चिकट जागी पितळी ब्रश. दुकानात मिळणारा कार्बन क्लीनर फवाराही चालेल, पण तो रबराला फुगवतो, म्हणून ओ-रिंगा आधी काढून ठेवा. हेड खरवडताना वॉल्व्ह आपापल्या जागी घालून ठेवा, म्हणजे सीटवर ओरखडा जायचा नाही. पोट साफ झालं की मग वॉल्व्ह काढून पोर्ट साफ करा.

जुनाच पिस्टन पुन्हा वापरणार असाल तर खरं काम रिंगांच्या खाचांत आहे. खाचेत कार्बन असला की नवी रिंग पूर्ण आत बसत नाही आणि बोअरला नको तितकी दाबते. जुनी रिंग मोडून तिचं टोक खाचेत फिरवा. जाडी तीच असल्याने ते नेमकं बसतं. कार्बन संपून रुपेरी धातू दिसला की थांबायचं. ऑइल रिंगच्या खाचेत मागे बारीक भोकं असतात, ती टोकदार काडीने मोकळी करा. तेल खाली परत जायची वाट तीच आहे.

वॉल्व्ह लॅपिंग (पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) केलं असेल तर पेस्टचा कणही मागे राहता कामा नये. सीट, पोर्ट आणि गाइड (वॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) तिन्ही आधी डिझेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने. गाइडमध्ये बाटलीच्या ब्रशची टोकाकडची बारीक बाजू जाते. जात नसेल तर दोरीला पंचाची चिंधी बांधून आरपार ओढा. वॉल्व्ह बसवून पोर्टात डिझेल ओतून पाच मिनिटं ठेवलं की गळती आहे का ते कळतं.

पॅकिंगच्या जागा

जुनं पॅकिंग डिझेलने भिजवून, प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने, ओलं असतानाच काढायचं. फार जुन्या पॅकिंगमध्ये आणि क्लचप्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका, हवाही मारू नका. ब्लेड वापरायचंच तर अगदी आडवं धरून. एक खोल ओरखडा म्हणजे कायमची तेलगळती.

आधीच्या कुणी अनाबाँड (पॅकिंगला लावायचं सिलिकॉन) थापलेलं असेल तर त्याचा शेवटचा पापुद्रासुद्धा काढा, विशेषतः आतल्या कडेचा. तो सुटला की तरंगत थेट जाळीत जातो.

स्टड आणि बोल्टची आंधळी भोकं, म्हणजे जी आरपार नाहीत ती, पूर्ण कोरडी करायला विसरू नका. तिथे डिझेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रव दबत नाही. केसिंगच तडकतं.

बोअर: इथे साबणच हवा

लेथवर बोअर वाढवून किंवा होनिंग करून आणलेला ब्लॉक दिसायला स्वच्छ असतो. पांढरं फडकं आत फिरवा, करडं होऊन येईल. होनिंगच्या जाळीदार रेघांत दगडाचे आणि बिडाचे कण दाबून बसलेले असतात. डिझेल तेल विरघळवतं, हे कण उचलत नाही. ते त्यांना रेघांत आणखी सारखं पसरवतं. पेट्रोलने धुतलं तरी तेच.

पाणी हाताला सोसेल तितकं गरम करा, भांड्यांचा साबण सढळ घाला आणि ताठ ब्रशने बोअर वर-खाली, तिरका, आडवा घासा. पाणी ओता, पुन्हा नवं घ्या. फेस करडा येतोय तोवर थांबायचं नाही. स्टडची भोकं, चेनची वाट, खालची कडा यांनाही तेच. शेवटी भरपूर स्वच्छ पाणी, मग हवा, मग कोरडा पंचा, आणि त्याच दमात इंजिन ऑइलचा हात. मध्ये चहा घ्यायला उठलात तर गंज आलाच म्हणून समजा.

तेल लावल्यावर पुन्हा पांढऱ्या कापडाने पुसून बघा. करडा डाग आला तर पुन्हा साबण. लेथवाल्याने ‘धुऊन दिलाय’ असं सांगितलं असलं, तरी हे घरी करायचंच.

तेलाच्या वाटा

स्प्लेंडरच्या इंजिनात आपण कारमध्ये बघतो तसा कागदी ऑइल फिल्टर नाही. क्लच साइडचं झाकण उघडलं की क्रँकच्या टोकाला गोल डबीसारखा फिल्टर दिसतो. तो क्रँकबरोबर फिरतो आणि जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जाऊन तिथेच चिकटतात. तीन स्क्रू काढून झाकण उघडा. आत काळ्या मेणासारखा घट्ट थर असेल. बरेच मेकॅनिक बोअर-पिस्टनचं काम करताना हे झाकण उघडतच नाहीत, कारण त्यासाठी त्यांना क्लच साइड उघडावी लागते. नवं किट टाकून हा गाळ आत ठेवणं मला तरी पटत नाही. लाकडी कामटीने थर खरवडा, डिझेल भिजल्या फडक्याने पुसा, पण मधल्या भोकात काही ढकललं जाऊ देऊ नका, कारण ते भोक सरळ क्रँकमध्ये जातं. आधी त्यात फडक्याची गोळी घाला, आणि काम झाल्यावर ती आठवणीने काढा.

त्याच बाजूला खाली खाचेत तारेची जाळी असते. ती सरकवून बाहेर येते. कुठली कडा आत होती ते बघून ठेवा. डिझेलमध्ये उलट्या दिशेने धुवा, उजेडासमोर धरून प्रत्येक घर मोकळं आहे का बघा. फाटलेली असेल तर बदला, किंमत किरकोळ असते.

मग बारीक वाटा. पंपापासून क्रँककडे, आणि ब्लॉकमधून वर हेडकडे. हेडला जाणारं तेल एका स्टडभोवतालच्या पोकळीतून चढतं, म्हणून त्या भोकात सिलिकॉन गेलं की कॅम आणि रॉकर कोरडे पडतात. प्रत्येक भोकात सिरिंजने डिझेल मारा आणि ते कुठून बाहेर येतं ते डोळ्यांनी बघा. नुसती हवा मारून ‘जातंय’ म्हणू नका. अर्धं बुजलेल्या भोकातूनही हवा जाते. धार दुसऱ्या टोकाला मोकळी यायला हवी. त्यानंतर साबण-पाणी, स्वच्छ पाणी आणि शेवटी हवा. कॉम्प्रेसर नसेल तर पायाच्या पंपाला बारीक नोझल लावून भागतं, नाहीतर भाग पिशवीत घालून पंक्चरवाल्याकडे न्या.

जे बुडवायचं नाही

मॅग्नेटची कॉइल आणि तिच्या वायरी फक्त कोरड्या फडक्याने, फार तर किंचित रॉकेलच्या बोटाने पुसा. क्लचच्या प्लेटा पुन्हा वापरायच्या असतील तर पेट्रोलात भिजवू नका. पुसा आणि बसवण्याआधी ताज्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ऑइल सील, ओ-रिंगा, वॉल्व्ह सील धुवून वाचवण्यात अर्थ नाही. नव्याच घ्या.

धुतल्यानंतर

साफ झालेला भाग उघडा ठेवायचा नाही. पोलाद आणि बीड यांना तेलाचा हात, मग प्रत्येक भाग वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, तोंड बांधून. ॲल्युमिनियमला तेल नसलं तरी चालतं, धूळ मात्र नको. जुळणीच्या दिवशी ओट्यावर ताजा वर्तमानपत्राचा कागद अंथरा, आणि बसवायच्या क्षणी प्रत्येक भाग पुन्हा एकदा पुसून तेल लावा.

उरलेलं काळं डिझेल आणि जुनं ऑइल गटारात, विहिरीच्या कडेला किंवा उकिरड्यावर ओतू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. डबा भरून ओळखीच्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात.

जुळणी झाली, तेल भरलं, की लगेच गाडी चालू करू नका. चावी बंद ठेवून, प्लग काढून, सावकाश किक मारत राहा. मग हेडवरची टॅपेटची झाकणं उघडून बघा. रॉकर ताज्या तेलाने ओला झालेला दिसला तरच प्लग लावा. पहिलं तेल साधारण ५०० किलोमीटरला काढायचं, आणि त्या वेळी जाळी पुन्हा एकदा बाहेर काढून बघायची.